उतारावर इंजिनाचा आवाज

४ फेब्रुवारी

मी, प्रदीप हिरालाल संगई, वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय चौपन्न, मानोरा येथील लोखंड-सिमेंटच्या दुकानाचा मालक, आजपासून आमच्या जुन्या डिझेल पिकअपसंबंधी ही रोजनिशी लिहीत आहे. उद्देश एकच: थोड्या खर्चात गाडीची ताकद वाढवता येते किंवा नाही, हे स्वतःपुरते नोंदवून ठेवावे.

उद्देश एकच, असे लिहिले खरे. ते अचूक नाही. मला भीती वाटते आहे.

काल घाटात गाडी मागे सरकली. ड्रायव्हर उत्तम (पुढे फक्त उ.) एकटा होता. डोंगरापलीकडच्या तांड्यावर घरकुलांची कामे चालू आहेत, त्यांचे सिमेंट आणि सळया भरलेल्या. दुसऱ्या वळणावर इंजिनाने दम टाकला. पहिल्या गियरमध्येच गाडी थांबली आणि मागे यायला लागली. त्याने मागचे चाक डोंगराकडच्या नालीत घातले म्हणून निभावले. दुसऱ्या बाजूला दरी आहे. हे सर्व त्याने दुकानात चहा पिताना सांगितले, बशीत फुंकर घालत. माझा चहा तसाच राहिला.

नवी गाडी घेणे शक्य नाही. तो विषय इथे संपला.

७ फेब्रुवारी

स्टँडमागच्या शकूरभाई मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी बॉनेट उघडले, इंजिन चालू करून कान लावला आणि मला म्हणाले, "शेठ, गाडी म्हातारी नाही झाली, दमेकरी झाली. तुमच्यापेक्षा जवान हाये अजून."

मी प्रत्येक कामाचे कारण विचारले. एअर फिल्टरमध्ये धूळ आणि सोयाबीनचा भुसा गच्च. हवा दाबून देणाऱ्या टर्बोकडून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीला लांब चीर. मागे कोणीतरी ती सायकलच्या ट्यूबने बांधलेली. हवा बाहेरच जात होती. नळी नवी, फिल्टर नवा, डिझेल फवारणारे नोझल तपासणीला. एकूण खर्च एका टायरच्या आतबाहेर. इथपर्यंत माझे समाधान झाले.

नंतर त्यांनी डिझेल पंपाचा स्क्रू दाखवला. तो किंचित फिरवला की इंजिनाला डिझेल जास्त मिळते, ताकद वाढते. मी नको म्हटले. कारखान्यात बसवलेली गोष्ट, तिला हात का लावावा? शकूरभाई म्हणाले, मग अर्धीच ताकद भेटन. उ.ने माझ्याकडे पाहिले. मला ती नाली आठवली.

हो म्हटले. जुन्या जागेवर पांढऱ्या रंगाची खूण मात्र करून घेतली. परत येण्याची वाट असावी.

१० फेब्रुवारी

चाचणी. भरलेल्या गाडीत उ.च्या शेजारी बसून माथ्यापर्यंत गेलो. दुसऱ्या वळणावर दोन्ही हातांनी दाराची कडी धरली होती. गाडी थांबली नाही. दुसऱ्या गियरमध्ये चढली. मागे काळा धूर, पण चढली.

माथ्यावर मारुतीचे देऊळ आहे. तिथे प्रत्येक गाडी हॉर्न वाजवून पुढे जाते, उ.नेही वाजवला. मी तिथेच उतरलो आणि परतीच्या एसटीने आलो, कारण दुकानावर कोणी नव्हते. चढण पाहायची होती, ती पाहिली.

सुनंदा म्हणाली, गाडीच्या छातीची तपासणी झाली, आता स्वतःच्या छातीची कधी? सौ.ना विनोद सुचतो. मला आज बऱ्याच दिवसांनी झोप येईल असे वाटते.

१४ फेब्रुवारी

ताकदीबरोबर डिझेलही वाढले. हे अपेक्षित होते, तरी इतके नव्हते. शकूरभाईंना धुराबद्दल विचारले. उत्तर: "धूर निघाला म्हंजे पोट भरलं तिचं."

उ.ला दुकानात बसवून समजावले. लिटरमागे गाडी किती चालते यावर लक्ष ठेव, मी रोज संध्याकाळी ॲव्हरेज विचारणार. त्याने मान हलवली. मनाला लावून घेतो हा माणूस. मागे एकदा एक गोणी फाटली, तर आठ दिवस माझ्यासमोर बसला नव्हता. ऊसतोडीला जायचे सोडून तो माझ्याकडे राहिला, त्याच्या तांड्यावर त्याला 'शेठचा माणूस' म्हणून चिडवतात. त्याला ते आवडते, असा माझा अंदाज.

१९ फेब्रुवारी

ॲव्हरेज सुधारले. स्क्रू फिरवण्याआधी होते त्याहूनही चांगले. शकूरभाईंनी सगळे श्रेय घेतले आणि वर चहा मागवला. मी उ.ची पाठ थोपटली. तो लाजला.

नामदेव दुकानात आला होता. घाट पलीकडे जिथे संपतो तिथल्या तांड्यावर त्याचे घरकुल चालू आहे. म्हणाला, "शेठ, नवी गाडी घेतली काय? पह्यले माथ्यावून घरघर आयकू ये, मंग आमी माल उतरवाले रस्त्यावर येत होतो. आता भुतावानी येऊन उभी राह्यते."

मी त्याला नवी नळी, नोझल वगैरे तपशिलाने सांगितले. काहीशा अभिमानाने.

२४ फेब्रुवारी

काल लिहू शकलो नाही. आज क्रमाने लिहितो.

नामदेवची सळयांच्या मापाबद्दल तक्रार होती, म्हणून उ.बरोबर पलीकडे निघालो. निघायला उशीर झाला. सूर्यास्तानंतर मी अन्नपाणी घेत नाही, हे उ.ला ठाऊक आहे. म्हणाला, दिवस बुडाच्या आंधी घरी नेऊन सोडतो, उपाशी नाही राहू देत. चढण सहज झाली. माथ्यावर उ.ने हॉर्न वाजवला, देवळाला हात जोडले, आणि त्याच हाताने गियर काढून चावी मागे फिरवली.

इंजिन बंद.

मला वाटले, बिघाड. पण गाडी चालत होती. उतारावर आपोआप वेग घेत होती. फक्त वारा आणि मागे सळयांची किणकिण. त्याला म्हटले, उत्तम, गाडी बंद पडली. तो हसला. "पडली नाही, बंद केली. चावी पुरी नाही फिरवाची, एक खटका ठेवाची. पुरी फिरवली तं स्टेअरिंग लॉक होते."

हे तो मला शिकवण्याच्या सुरात सांगत होता.

इंजिन बंद असताना ब्रेकला मदत मिळत नाही. दोन-तीनदा दाबला की पेडल दगडासारखे होते. हे मला आज कळले. काल फक्त दिसले. तिसऱ्या वळणाच्या पुढे शेळ्यांचा कळप रस्त्यात होता. उ.ने ब्रेक दाबला. पाय खाली जाईना. तो सीटवरून अर्धा उठला, पूर्ण अंगाचा भार पायावर. गाडी जात राहिली. मग त्याने चावी पुढे केली, गियर टाकला, क्लच सोडला. इंजिन किंचाळत चालू झाले, मागचा सगळा माल केबिनवर आदळला, आणि आम्ही थांबलो. शेळ्या बाजूला झाल्या. शेळ्यांमागची म्हातारी आम्हाला शिव्या देत होती आणि त्या मला ऐकू येत होत्या, म्हणजे मी जिवंत होतो.

विचारले, काहून बंद केली? मी वऱ्हाडी सहसा बोलत नाही.

"ॲव्हरेज, शेठ. तुमी रोज इचारता ना."

मग म्हणाला, रोजचंच हाय, घाबरू नका.

परत येताना सूर्य मावळला. सुनंदाने ताट झाकून ठेवले होते. ती म्हणाली, एक दिवस चालेल. जेवलो नाही. नियमामुळे नव्हे.

२५ फेब्रुवारी

शकूरभाईंना गाडी दाखवली. ब्रेकचे लायनर जळालेले, काचेसारखे गुळगुळीत. म्हणाले, जुन्या इंजिनावर माणूस माल बेताने भरत होता, आता भार वाढला, ब्रेक तेच राहिले. हे बरोबर आहे. चढण सोपी झाल्यावर मीच जास्त गोण्या भरायला सांगू लागलो होतो. लायनर नवे घातले.

स्क्रू पांढऱ्या खुणेवर परत न्यावा का, असे विचारले. तर म्हणाले, नेतो, पण मग चढणीवर पुन्हा तेच. "वर मरायचं का खाली, थे तुमी ठरवा शेठ." हसले. नंतर माझा चेहरा पाहून हसणे थांबवले आणि पाणी दिले.

ठरवले: स्क्रू राहू द्यावा, माल निम्मा भरावा, फेऱ्या दोन कराव्यात. डिझेल लागेल ते लागेल.

उ.ला स्पष्ट सांगितले. उतारावर इंजिन चालू, दुसरा गियर, ॲव्हरेजचा विषय बंद, मी यापुढे कधी विचारणार नाही. तो समोरची काच पुसत होता. "नाही करत, शेठ." हात थांबला नाही. पुसून झालेली जागाच पुन्हा पुसत होता.

संध्याकाळी मी काही विचारले नाही, तर तोच सांगून गेला: "आज बी ॲव्हरेज चांगलं पडलं." मी आत निघून गेलो.

२७ फेब्रुवारी

चांगलं कसे पडले?

निम्मा माल, म्हणून पडले असेल. हे कारण पटण्याजोगे आहे. दिवसभर स्वतःला पटवत होतो.

दुपारी नामदेवला फोन केला. घराचे कुठवर आले वगैरे विचारून मग सहज विचारल्यासारखे केले की आता आमची गाडी येताना ऐकू येते का. तो म्हणाला, "कधी येते, कधी नाही. वारा कसा असन तसं." वाऱ्याची दिशा मी त्याला विचारणार होतो. विचारली नाही. तो मला वेडा समजला असता.

उ.ला कामावरून काढावे? तो दुसऱ्याच्या गाडीवर बसेल आणि तिथेही हेच करील. शिवाय ही सवय त्याला कुणामुळे लागली, ते मला माहीत आहे.

२८ फेब्रुवारी

उ. विचारायला आला. उद्या फेरीबरोबर बायको कमला आणि मुलगी यांना घेऊन जाऊ का? होळीला तिच्या भावाच्या मुलाची धुंड आहे, पलीकडच्याच तांड्यावर. तान्ह्या मुलासाठी होळीला करतात तो विधी. नाही म्हणायला कारण नव्हते. जीपमध्ये कोंबून जाण्यापेक्षा बरे, असे त्याचे म्हणणे.

कमला दुकानाबाहेर उभी होती, मुलगी कडेवर. तिला बाजूला घेऊन सांगितले की उतारावर इंजिन चालू राहिले पाहिजे, लक्ष ठेव, त्याला बोल.

ती पदर तोंडाला लावून हसली. "मी सांगतलं तं आयकते का थो? तुमचंच आयकते, शेठ."

१ मार्च

घाटाच्या पलीकडच्या पायथ्याशी, रस्त्याकडेच्या दगडावर बसून लिहीत आहे. मोटारसायकलने पुढे आलो. सुनंदाला वसुलीचे कारण सांगितले. उ.ला वाटते मी दुकानात आहे.

सकाळी गाडी मी स्वतः भरून दिली. निम्म्याहूनही कमी. ब्रेक दाबून पाहिला. उ. म्हणाला, "शेठ, आज तुमीच ड्रायव्हर काय?" मुलीने माझा चष्मा ओढला.

त्याच्या शेजारी बसून आलो असतो तर त्याने चावी फिरवली नसती. ते मला माहीत आहे. मी नसताना तो काय करतो, ते माहीत नाही. म्हणून इथे. गाडी ऐकू आली तर आजपासून शांत झोपेन. नाही आली तर रस्त्याच्या मधोमध उभा राहीन, असे ठरवले होते. आता लक्षात येते की नाही आली, तर ती थांबूही शकणार नाही.

वारा नाही. मुद्दाम पाहिले. पळसाचे पान हलत नाही.

नामदेव आला. इथे काय करून राह्यले, विचारले. गाडीची वाट पाहतो म्हटले. तो शेजारी बसला, तंबाखू मळू लागला. त्याला म्हटले, थोडे थांब, आवाज नको. त्याने हात थांबवले.

डोंगरामागे बारीक घरघर. चढते आहे. ताकद भरपूर आहे, अडखळत नाही. शकूरभाईंचे काम चोख.

माथ्यावर धूर दिसला. हॉर्न वाजला.

अक्षर बिघडण्याआधी सही करून ठेवतो. उतारावरचा आवाज आता ऐकायचा आहे.

प्रदीप हिरालाल संगई
घाटपायथा, ता. मानोरा, जि. वाशिम
१ मार्च २०२६