सहा नंबरची हाक

सोमवार, ८ फेब्रुवारी १९५४

घाटकोपर मुक्कामी सुखरूप पोचले. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समधली खोली एक मार्चला रिकामी होईल, तोवर हे 'सुखनिवास' लॉज. स्टेशन दोन मिनिटांवर, हॉस्पिटल पाच. एकटी बाई म्हटल्यावर तीन ठिकाणी नाकं मुरडली; इथले मालक मार्तंडराव मात्र म्हणाले, नर्सबाई म्हणजे घरचंच माणूस. जिना डुगडुगतो, भिंतींना पोपडे आलेत, आरशात माझं अर्धंच तोंड दिसतं. ड्यूटी रात्रीची आहे, अर्धं पुरे. दाराची आतली कडी तेवढी उखडली आहे. सुताराला सांगतो म्हणाले. वरच्या मजल्यावर माझी सात नंबरची खोली आणि शेजारची सहा नंबरची, तिला कुलूप. दिवसा झोपायला शांतता हवी, ती आहे.

बुधवार, १० फेब्रुवारी

अनूला पत्र टाकलं. तेवीस तारखेला तिचा नर्सिंगचा इंटरव्ह्यू. दोन रात्री माझ्याच खोलीत राहील. बाबा गेल्यापासून ही धाकटी माझ्याच जिवावर वाढली. ती एकदा मार्गी लागली की आईला लोकांकडे पोळ्या लाटायला जावं लागणार नाही. सुतार आला नाही.

शनिवार, १३ फेब्रुवारी

दुपारी गाढ झोपेत हाक आली, "सिस्टर." मी ताडकन उठून "आले" म्हटलं. वॉर्डात पहिल्या हाकेला ओ दिली नाही तर मेट्रन सोलून काढते, सवयच ती. भानावर आले तर दोन वाजले होते आणि बाहेर चिटपाखरू नव्हतं.

झाडलोट करणाऱ्या शेवंतीला गंमत म्हणून सांगितलं. मालवणकडची आहे, एरवी तोंडाचा पट्टा बंद नसतो. हिचा चेहरा उतरला.

"बाये, पयल्या हाकेक ओ दिलंस?"

आमची आईही असंच म्हणायची, तीनदा ऐकल्याशिवाय ओ द्यायची नाही, भूत एकदाच हाक मारतं. ट्रेनिंगला गेल्यावर ते खूळ माझ्या डोक्यातून गेलं. तरी आज नीट झोप लागली नाही.

मंगळवार, १६ फेब्रुवारी

हाक रोज येते. भिंतीपलीकडून, सहा नंबरातून. घसा कोरडा पडलेल्या रोग्याचा आवाज, हजारदा ऐकलेला. आज म्हणाला, सिस्टर, आले म्हणालात ना.

दाराशी ट्रंक लावून झोपते. उठले तेव्हा ट्रंक बाजूला आणि दार सताड उघडं. मार्तंडरावांना सहात कोण राहतं विचारलं तर ते माझ्यावरच खेकसले. सहात जुन्या गाद्या आहेत म्हणे. मला भीती वाटते. इथे लिहायला काय लाज.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

शेवंतीने आज सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी गुणाजी नावाचा गिरणीकामगार गावी जाता जाता सहात उतरला. अंगावर फोड आले. देवीचा रोगी निघाला तर लॉजला टाळं लागेल, म्हणून मार्तंडरावांनी बाहेरून कडी घातली आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, दारुडा आहे. तीन दिवस तो पाणी मागत हाका मारत होता, चौथ्या दिवशी मेला. शेवंती जिना झाडत होती. नोकरी जाईल म्हणून तिने ओ दिली नाही. सांगताना पदर तोंडात धरून रडली.

तेव्हापासून हळूहळू गिऱ्हाईक तुटलं. त्याला ओ देणारी मीच पहिली. आणि मी गेले नाही.

शनिवार, २० फेब्रुवारी

अनूला तार केली, येऊ नकोस. आणखी दोन लॉजवर विचारून आले. एकट्या बाईला नाही. आठ दिवस काढायचे आहेत फक्त. आठच दिवस—

मंगळवार, २३ फेब्रुवारी

सकाळी ड्यूटीवरून आले तर अनू खोलीत. तार मिळालीच नाही तिला. मार्तंडरावांनीच कौतुकानं वर बसवलं. अंगात फणफणून ताप. गळ्यावर, पाठीवर पाण्याचे फोड.

कांजिण्या आहेत. देवी नाहीत. मला फरक कळतो. टांगा आणायला निघाले तोच मार्तंडराव जिन्यात. त्यांनी दारातून अनूचा चेहरा पाहिला. मी पुन्हा पुन्हा सांगितलं, कांजिण्या, जिवाला धोका नाही.

"हो हो, कळलं. तुम्ही बसा तिच्यापाशी. टांगा मी बोलावतो."

मी बसले. मूर्ख मी, बसले.

दुपार

बाहेरून कडी घातली आहे. खिडकीला गज. घसा बसेपर्यंत ओरडलो आम्ही. खाली शेवंतीचा झाडू थांबला— मी तिचं नाव घेऊन हाक मारली— झाडू पुन्हा चालू झाला.

तांब्यात घोटभर पाणी. अनूला दिलं.

दोन वाजले

सहातला आवाज बंद. कुणीतरी कडी चाचपतंय. हळू. हातात जोर नसल्यासारखं. शेवंती नाही, तिचा झाडू अजून खालीच—

अनू ग्लानीत आहे. डोळे उघडून म्हणते, "ताई, पाणी आणलंय गं कुणीतरी."

आता हाक मला नाही. तिचं नाव घेतलं त्यानं. अनू उठून बसली आहे, तोंड उघडते आहे, मी हात ठेवते तिच्या—