कड्याचं घड्याळ

३ एप्रिल, पाटोदा
पुन्हा फरक. माझं घड्याळ आणि कडा गावच्या शिंदेचं, दोन्ही एकाच वेळी एकाच उपग्रहाला बघतात. मग दोघांच्या आकड्यांच्या वजाबाकीत अंतर कावून पडावं? सेकंदाच्या अब्जाव्या भागातलं हाय, पण तेच तर तपासायचंय. पाडव्यापर्यंत तंतोतंत जुळत होतं. माझ्याकडं काहीच बदललं न्हाई. म्हणजे शिंदेच.

५ एप्रिल
पुण्याहून साहेबांचा फोन. मेळ बसला न्हाई तर दोनपैकी एक घड्याळ-केंद्र बंद, यंत्र परत. ते घरावर बसवून घ्यायला किती जणांचे पाय धरले मी! बोलून टाकलं, "सर, शिंदेचे आकडे जरा... बघा तुम्हीच." बरं केलं.

६ एप्रिल
शिंदेला म्हटलं, उपग्रह पकडणाऱ्या अँटेनाचा फोटो पाठव. लगेच पाठवला, जागच्या जागी हाय. वर म्हणतो, "तुमचाबी पाठवा की सर." चोराच्या उलट्या बोंबा! माझी पाण्याच्या टाकीवर, उंची मोजून यंत्रात भरलेली. खाली-वर झाली की वेळ चुकते, हे मला शिकवतो का बे? न्हाई पाठवला. गुडघ्याला जिना सोसत न्हाई, ते वेगळं.

९ एप्रिल
पुण्याचं तपासणीचं फिरतं यंत्र आधी कड्याला लावलं. शिंदेशी जुळलं म्हणे. आकडे त्यानंच पाठवलेले! उद्या तोच ते घेऊन माझ्याकडं येणार. लई गोड बोलत होता.

१० एप्रिल
शिंदेच्या मागं कसाबसा गच्चीवर चढलो. टाकीवर काहीच न्हाई. खाली आईच्या कुरडया, कावळ्यांनी खाऊ नये म्हणून वर साडी ताणलेली. तीन कोपऱ्यांना बांबू, चौथ्याला माझी अँटेना. दांड्यासकट.
आई म्हणे, "चौथा बांबू घावंना. पाडव्यापास्नं हितंच हाय. वायर न्हाई बरं तोडली."
मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिंदे हसला असता तर बरं. "मावशी, कुरडया झ्याक झाल्यात," एवढंच. आकडे घेतले, चहा पिला. निघताना म्हणाला, "सर, तुमी फोनवर काय बोलला ते साहेबांनी सांगितलंय मला."
आन यंत्र गाडीला बांधून गेला.

११ एप्रिल
अँटेना जुन्या खुणेवर बांधली. फरक गेला. साहेबांना मीच सांगावं का? की शिंदेनं आधीच...
त्याला फोन लावला. तो दुसऱ्या कुणाशी बोलतोय म्हणे. पुन्हा लावला, तेच.
कुणाशी बोलतोय बे एवढा वेळ?