डांबरावर शेंदरी

प्रिय आई,

नमस्कार. मी खुशाल आहे, जेवण वेळेवर होतं. मनगटाला पट्टी आहे, पण नुसतं मुरगळलंय. शिडीवरून पडले असं दादाने सांगितलं असेल, तर तो तिखटमीठ लावतोय.

जुन्या गल्लीतली घरं आम्ही हौसेने रंगवतोय, हे तुला माहीत आहेच. एका बिल्डरला ती पाडायची आहेत. परवा निवृत्त नर्सबाईंची भिंत पिवळी केली आणि काल सकाळी पाहतो तर तिच्यावर कुणीतरी डांबर फासलेलं. आमच्या रंगवणाऱ्या गटाचा म्होरक्या म्हणाला, "भानगड नको. दुसरी गल्ली बघू."

मी तोंड उघडणार, तोच नर्सबाई उलथनं घेऊन बाहेर आल्या आणि डांबर खरवडायला लागल्या. "पिवळा फिकाच होता," त्या म्हणाल्या. "आता शेंदरी द्या. मी इथेच राहते, हे लांबून दिसलं पाहिजे."

आम्ही शेंदरीच दिला. समोरचा शिंपी आजवर आम्हाला दारात उभं करत नव्हता. संध्याकाळी तो स्वतःची शिडी घेऊन आला. "माझ्या भिंतीलाही हाच रंग. फासू देत त्यांना किती डांबर फासायचं ते!"

बाबांचं ब्लडप्रेशर कसं आहे? त्यांना हे बेतानेच सांग. आता रात्री आम्ही पाळीपाळीने गल्लीत राखणीला बसणार आहोत, मी एकटी नसेन.

आणि परत ये म्हणू नकोस, गं. शेवटचं दार रंगवल्याशिवाय मी इथून हलणार नाही.

तुझ्यावरच गेलेली,
तुझी लेक