अंगणातली हिरवी नाव

भडगाव, १८ एप्रिल १९७१

ह्यांनी आज नाव आणली. खरीखुरी नाव, अ‍ॅल्युमिनियमची, ट्रकमध्ये घालून. धरणाचं काम संपलं म्हणून तिथल्या सामानाचा लिलाव होता. हे गेले होते दुकानासाठी ताडपत्र्या बघायला. ताडपत्री एकही आली नाही. हमालांनी नाव अंगणात उतरवली, ती नेमकी मी पापडांची खाट टाकते तिथे.

कशाला, विचारलं. म्हणाले, “आजोबा मारवाडातून आले तेव्हा त्यांनी जन्मात पहिली नदी पाहिली ती ही गिरणा. आपल्या घरातलं कोणी अजून तिच्यावर गेलं नाही.”

हे नावेत बसणार. आणि किराणा कोण तोलणार?

२० एप्रिल

शेजारची ताईबाई पापड लाटायला आली. तिच्या तोंडाला लगाम नाही. नावेकडे बघून म्हणते, “शेठ आते मासा धरतीन का?” लाटणाऱ्या सगळ्या हसल्या. जैनाच्या अंगणात एवढंच ऐकायचं राहिलं होतं. ह्यांना सांगितलं तर हेही हसले.

२३ एप्रिल

आता म्हणे रंग काढायचा. वर हिरवा, पोपडे धरलेला. त्याच्याखाली राखाडी, त्याच्याखाली पिवळा. त्यावर नवा लावला तर धरत नाही, म्हणून सगळा खरवडायचा आणि मग निळा लावायचा. सकाळचं सामायिकाचं ध्यान झालं, दूध घेतलं, की बसले लोखंडी पत्ती घेऊन. तो आवाज दातांत शिरतो.

दुकानातला हिलालही कामाला लावलाय. पोती उचलायची सोडून तो नाव घासतो. घाम पुसत मला म्हणाला, “शेठानी, हाऊ रंग नही, हाई चामडं शे.”

२६ एप्रिल

पापडांवर हिरवे कपचे. एक परातभर पापड टाकून दिले. जेवताना मी बोलले नाही. ह्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

३० एप्रिल

आज कळस झाला. साबणवाल्याकडून कॉस्टिक सोडा आणला, बादलीत कालवला आणि ओतला नावेवर. रंग सुटला, पण पत्राही फसफसायला लागला! काळा पडला, तापला. मी आणि हिलालने विहिरीवरून पाणी आणून आणून ओतलं. सोड्याने माझं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं असंच गेलं होतं. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारतं कोण?

ह्यांचा पाय बादलीला लागला, पोटरीवर फोड आले. “बादली दिसली नाही,” म्हणाले. स्वतःच ठेवलेली बादली.

४ मे

नाव साफ झाली म्हणून मला बोलावलं. डाव्या अंगाला हातभर पट्टा तसाच, हिरवागार. दाखवला. “हो, राहिला वाटतं,” म्हणाले, पुन्हा बसले. तासाभराने बघते तर पट्टा तिथेच. त्याच्या शेजारी मात्र पुन्हा घासून चकचकीत केलेलं.

उन्हाने डोकं उठलं होतं. म्हटलं, “दिसत नाही का तुम्हाला?”

 पत्ती खाली ठेवली आणि दुकानात गेले.

५ मे

हिलाल दळण घेऊन आला तो दारातच उभा राहिला. म्हणाला, “शेठानी, शेठवर रागावू नका. त्यासले डावी आंगे दिसत नही.”

कधीपासून? दिवाळीपासून. दिवाळीपासून हा वजनं ह्यांच्या उजव्या हाताला ठेवतो, म्हणजे चाचपावं लागू नये. हमालाला माहीत. मी एका ताटाच्या अंतरावर बसते आणि मला माहीत नाही.

संध्याकाळी विचारलं. आधी उडवून लावलं. मग म्हणाले, “धाकट्याला कळलं तर मला दुकानाच्या गादीवरून उठवून घरी बसवेल. घरी बसून मी काय करू, राजकुंवर?” धाकटा म्हणजे जळगावचे प्रकाशचंद भावजी. उठवतीलच ते. पण मला सांगायला काय झालं होतं?

९ मे

धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. काचबिंदू. डावा डोळा गेल्यातच जमा. उजव्याचंही कडेचं गेलंय, समोरचं तेवढं उरलंय. “गेलं ते परत येत नाही. थेंब चुकवू नका, आहे ते राखा,” डॉक्टर म्हणाले.

परतताना एस.टी.त पारोळं आलं. मग हे म्हणाले, “आधी आलो असतो तर...” मी म्हटलं, “आता गप्प बसा.” किती जोरात म्हटलं, ते पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागल्यावर कळलं.

१३ मे

पट्टा मीच खरवडायला घेतला. अर्धवट काम अंगणात बघवत नाही. पदर खोचला आणि बसले. ताईबाई कुंपणापलीकडून बघत होती. आली, दुसरी पत्ती उचलली आणि माझ्याजवळ बसली. आज मासे नाहीत की काही नाही.

हे बाजूला बसून पत्र्यावरून तळवा फिरवतात. “इथे राहिलंय.” खरंच राहिलेलं असतं. पुन्हा घासायचं. “इथेही.” शेवटी म्हटलं, “बसून सांगायला तुमचं काय जातं?” तेव्हा हसले. धुळ्याहून आल्यापासून पहिल्यांदा.

१७ मे

प्रकाशचंद भावजी आले होते. ह्यांनी स्वतःच सांगितलं, डोळ्यांचं. मी आत पोळ्या करत ऐकत होते. भावजी बराच वेळ बोलले. गादीचं पर्युषणानंतर बघू, असं ठरलं. एक पोळी करपली.

२० मे

सगळा रंग निघाला. पॉलिश पेपर मारून झाला. निळ्याचे डबे आले, ब्रश आले. माझ्या दोन्ही तळहातांना फोड आहेत. उद्या पहिला हात मारायचा आणि माझं अंगण मला परत.

२१ मे

डबा उघडला, ढवळला, आणि हे म्हणतात रंग नको. मी ब्रश आपटला. “मग आम्ही खरवडली कशाला?”

हे अंगणाच्या पार त्या टोकाला होते, उन्हात. तिथून निघाले आणि न अडखळता, हात पुढे न करता, सरळ नावेशी येऊन थांबले.

“हिरवी होती तेव्हा चाचपत यायचो,” म्हणाले. “आता उन्हात चकाकते, दुरून दिसते.”

मी डब्याचं झाकण लावून टाकलं.