वाढत्या अंगाचं जॅकेट

बाबा,

दुपारपासून मी तीनदा मशीनवर बसले आणि तीनदा उठले. गिऱ्हाइकाचे दोन ब्लाउज अर्धे शिवून पडलेत, बाही उलटी लागली ती उसवली, पुन्हा उलटीच लावली. शेवटी कापडाचे नमुने कापायचा खाकी कागद ओढला आणि तुम्हाला लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तेव्हा हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. पण उद्या सकाळी लेकीला घेऊन होडीत बसायचंय, आणि त्याआधी तुमच्याशी एकदा नीट भांडून घ्यायचंय.

तुमचा जावई तुम्ही पाहिला नाहीत. देवरूखकडचा आहे, डोंगरातला. पाण्याला घाबरण्याइतकंसुद्धा पाणी त्याला माहीत नाही. पावसाळा संपल्यावर त्याने एका मित्राची जुनी फायबरची होडी घेतली, मागे छोटं इंजिन, चार माणसं बसतील एवढी. दिवाळीच्या सुट्टीत डबा घेऊन खाडीत फिरायला जायचं, असं बापलेकीने परस्पर ठरवलं. लेक नऊ वर्षांची आहे आणि बापाला 'अरे बाबा' म्हणते. आमची तुमच्यापुढे मान वर करायची टाप नव्हती. मी म्हटलं, आधी जॅकेटं, मग होडी. तो म्हणाला, "एवढीशी तर खाडी." मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

खाडी एवढीशीच आहे, खरं तर. तुम्ही दहा महिने दर्यावर आणि दोन महिने घरी असायचात, तुम्हाला तर ती ओहोळासारखी वाटत असेल. बोटीवरून येताना तुम्ही माझ्यासाठी जे आणायचात ते सगळं मोठं असायचं. फ्रॉक घोट्यापर्यंत, बुटांच्या टोकात कापूस. आई हसायची, आणि तुम्ही म्हणायचात, "पोर वाढतेय. मी काय थयसून, बोटीवरून, तिला रोज मोजत बसू?" मला ते आवडायचं. वर्षभर तो फ्रॉक घालून बघायचा, किती खाली उरलाय ते पाहायचं, आणि तो बरोबर बसला की समजायचं, आता बाबा येणार.

मी आठ वर्षांची असताना तुम्ही नारिंगी जॅकेट आणलंत. कुठल्याशा बंदरात पोरांच्या अंगावर पाहिलं होतंत म्हणे. आपल्या धक्क्यावर असलं काही कुणी पाहिलेलं नव्हतं. माणसं हसली, शेजारचे काका म्हणाले, "पोरीला खाडीत नेतोस की विलायतेला?" तुम्ही लक्ष दिलं नाहीत. पट्टे करकचून आवळलेत, तरी आत मी आणि माझी एखादी मैत्रीण मावली असती. पण मला केवढा तोरा चढला होता! पलीकडच्या काठापर्यंत जाऊन आलो, तुम्ही वल्ही मारताना गाणं गुणगुणत होतात. तेवढं सुख मी नंतर फार थोड्या वेळा अनुभवलं, हेही इथेच सांगून टाकते.

परत येतो तेव्हा पुरी भरती असते. तुम्ही वाकून दोरी बांधताय. मी न विचारता धक्क्याच्या पायरीवर पाय टाकते, पायरीला शेवाळ, पाय सटकतो. मी खाली जाते आणि जॅकेट वरच राहतं. कानांवर फोम, नाकावर त्याचा गळा, डोळ्यांपुढे सगळं नारिंगी. मी हात वर करते. तुम्ही उडी मारता, जॅकेटच्या गळ्याला धरून ओढता, आणि जॅकेट तुमच्या हातात येतं, मी खालीच. मग तुम्ही माझे केस धरता.

पायरीवर मी खारट पाणी ओकत होते. दहा-बारा माणसं जमली होती. आणि तुम्ही सगळ्यांसमोर ओरडलात, "हात वर कशाला केलंस गो? अक्कल नाय तुला? हात वर केल्यावर जॅकेट राहील काय अंगात?"

केसांपेक्षा ते जास्त दुखलं. आठवडाभरात तुम्ही बोटीवर निघून गेलात, आणि माझ्यापाशी तेवढंच वाक्य राहिलं. मी ते खरं मानलं. माझ्या हातांनी घात केला, जॅकेट चांगलं होतं, बाबा चांगले होते, मी मूर्ख. खाडीच्या काठावर जन्म काढला आणि त्यानंतर एकदाही होडीत बसले नाही. कुणी विचारलं तर मळमळतं म्हणून सांगते. पाण्याजवळ गेले की अजून माझे हात आपोआप अंगाला चिकटतात.

आता काल मिरकरवाडा बंदरातल्या दुकानात झालं ते ऐका. जाळी, दोऱ्या, तरंगणारे बोये सगळं मिळतं तिथे, वर एका खुंटीला जॅकेटं टांगलेली. दुकानदार म्हातारा, चष्मा दोऱ्याने बांधलेला. मी तासभर त्याचं डोकं खाल्लं. एक जॅकेट लेकीच्या मानेला घासत होतं. घासलं की ती दहा मिनिटांत काढून टाकणार, आणि काढलेलं जॅकेट काय कामाचं? दुसरं पाठीत एवढं जाड की बसल्यावर ती पुढे ढकलली जात होती. माझ्यासाठी बघितलेलं छातीवर असं आवळलं की श्वास घेता येईना, आणि सैल केलं तर काखेत सोलून निघत होतं. शिवणकाम करणारीला दुसऱ्याने शिवलेलं पटत नाहीच, पण या लोकांनी कधी बाईचं माप घेतलंय की नाही, असं वाटलं. शेवटी लेकीला एक बरोबर बसलं. मऊ गळा, खांद्याला निमुळतं, दोन पायांमधून पट्टा. ती आरशात बघून खूश झाली.

आणि मी म्हटलं, "याच्यातलंच एक नंबर मोठं द्या. वाढतं अंग आहे."

बाबा, मी हे रोज ऐकते. जूनमध्ये गणवेश शिवायला येणारी प्रत्येक आई हेच म्हणते, आणि मी न सांगता शिवणीत दोन बोटं माया सोडते, खाली दुमड ठेवते. तोंडातून सवयीनेच गेलं. म्हाताऱ्याने चष्म्यावरून पाहिलं. "वयनी, ह्यो काय शाळेचा ड्रेस हाय? पानी आजचं अंग बघतं. पुढच्या वर्षीचं नाय बघत." मला राग आला. मला शिकवतो! मी हट्टाने मोठंच घेतलं. तो म्हणाला, "बरा. पन आधी कमरेइतक्या पान्यात नेऊन बघा. नाय बसला तर आना परत, मी हायच."

म्हणून आज सकाळी भाट्याच्या किनाऱ्याला गेलो, ओहोटीला, जिथे पाणी माझ्या कमरेच्या वर जात नाही. तुमचा जावई लेकीच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. मी तिला सांगितलं, पाय उचल, तरंग. तिने पाय उचलले आणि जॅकेट वर सरकलं. पायांमधला पट्टाही सैल, तो मांडीवर लोंबत राहिला. कानांवर फोम, नाकावर गळा. तिने हात वर केले.

तिच्या बापाने तिला तत्क्षणी धरलं. नाकातोंडात घोटभर पाणी गेलं असेल, तेवढंच. पण मी किंचाळले. काठावरच्या बायकांनी वळून पाहिलं एवढ्या मोठ्याने किंचाळले, "हात वर कशाला केलेस? अक्कल नाही तुला?"

लेक खोकत होती. खोकता खोकताच माझ्याकडे डोळे वटारून म्हणाली, "मी काय केलं? जॅकेट मोठं आहे! दुकानातल्या काकांनी सांगितलं होतं तुला!"

मी पाण्यात तशीच उभी राहिले. एवढं सोपं होतं, बाबा. नऊ वर्षांच्या पोरीला खोकताना कळलं ते मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. जॅकेट मोठं होतं. माझे हात नाही, जॅकेट.

मग एक एक आठवत गेलं, आणि मला जास्तच चीड आली. त्या वर्षानंतर तुम्ही माझ्यासाठी मापाचं काही आणलंच नाहीत. पेनं आणलीत, छत्री आणलीत, बिस्किटांचे डबे आणलेत. फ्रॉक नाही, बूट नाही, साधा रिबिनीचा पट्टासुद्धा नाही. मला वाटायचं, बाबांचा राग अजून गेलेला नाही. म्हणजे तुम्हाला कळलं होतं! रिकामं जॅकेट हातात घेऊन तुम्ही पाण्यात उभे होतात तेव्हाच कळलं असणार. मग सांगितलं का नाहीत? एक वाक्य, बाबा. 'तुझं नाय चुकलं' एवढंच. बोटीवरून पत्रं यायची तुमची, सगळं विचारायचात, पाऊस कसा आहे, आंब्याला मोहोर किती, म्हशीने किती दूध दिलं. त्यात हे एक वाक्य मावलं नसतं?

आणि तरी आज मी किंचाळले ते रागाने नाही. लेक गेली असती तर, हा एकच विचार होता आणि तो शिवी होऊन बाहेर पडला. तुमचंही तेच झालं असणार. हे कळलं म्हणून मी तुम्हाला सोडलंय असं मात्र समजू नका. पुढे तुम्हाला भरपूर दिवस होते.

मी लेकीला टॉवेलात गुंडाळलं आणि म्हटलं, "माझं चुकलं. तुझं काही चुकलं नाही." हे म्हणायला मला दहा मिनिटं लागली, लेक नुसती मान हलवून भेळ मागायला लागली.

तसेच ओल्या केसांनी दुकानात गेलो. म्हाताऱ्याने कालचं बसलेलं जॅकेट काढलं, पट्टे लावले आणि जॅकेटचे दोन्ही खांदे धरून तिला वर उचललं. जॅकेट हनुवटीला लागलं नाही. "वाक. बस. आता हस बघू. हसताना टोचत नाय ना?" टोचत नव्हतं. माझ्यासाठीही त्याने आतून कुठूनतरी एक काढलं, काखेत मोठी वळणं असलेलं. मी ते घालून दुकानात पाच मिनिटं येरझाऱ्या घातल्या. बरं होतं. मला जॅकेट बसत नाही या निमित्ताने उद्या मी काठावर थांबणार होते, पण आता जाणार आहे. तिच्या शेजारी बसणार आहे. भीती वाटतेय, आणि या खेपेला मळमळतं म्हणून सांगणार नाही.

रिक्षात लेकीने जॅकेट काढलंच नाही. मी तिला तुमची सगळी गोष्ट सांगितली, धक्का, शेवाळ, केस धरून ओढलं ते, ओरडलात ते. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आजोबांनी तुला सॉरी म्हटलं का?"

मी म्हटलं, "हो."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, माझं चुकलं गो बाय. जॅकेट मोठं आणलं मी."

"कधी?"

"लगेच. तिथेच, पायरीवर."

तिला ते पटलं, ती बाहेर बघायला लागली. मी तिच्याशी खोटं बोलले, बाबा, तुम्ही कधी न बोललेले शब्द तुमच्या तोंडी घातले. आणि ते बोलताना मला तुमचाच आवाज ऐकू आला, म्हणून घर येईपर्यंत मी ते वाक्य मनात आणखी दोनदा म्हटलं.