पाणी दिसायचे, मीठ आलेले असायचे

कल्याण, रविवार संध्याकाळ

देवाचे राज्य नेमके केव्हा सुरू झाले, हे आज बायबलवर्गात मी फळ्यावर रेघ ओढून क्रमवार समजावले: येशूचा जन्म, त्याची पहिली घोषणा, पुनरुत्थान, पवित्र आत्म्याचे अवतरण. प्रत्येक खुणेची बाजू मांडली आणि मोठ्या उत्साहाने निष्कर्ष दिला: आरंभ झाला आहे, पूर्णता यायची आहे.

तेवढ्यात रोझीमावशी उठल्या. त्यांचे यजमान गेल्या महिन्यात वारले. जन्मभर दिवा गावाकडच्या मिठागरात राबले. "सर, तुजं राज्य येवो, असं रोज प्रार्थनेत म्हनायचे ते. मंग वाट बघतच गेले का?"

मी पुन्हा रेघेकडे वळलो. मागून फर्नांडिसकाका म्हणाले, "सर, जरा खडू ठेवा की खाली!"

ठेवला.

मावशीच पुढे बोलू लागल्या. "खाडीचं पानी आगरात घेतलं का त्याच दिवशी सांगायचे, 'रोझी, मीठ आलं गो!' मी हसायची. दिसायचं नुस्तं पानी. पन ते खोटं नव्हतं ना, सर?"

"नव्हतं, मावशी." त्या डोळे पुसून खाली बसल्या.

इतकी वर्षे जे शिकवतो आहे, ते मी आज प्रथम पाहिले काय? तो माणूस राज्याची वाट पाहत होता, की गुडघाभर पाण्यात, राज्यातच उभा होता?

आत्ता जेवताना हिने नेहमीप्रमाणे ताटाच्या कडेला मीठ वाढले. बराच वेळ हात पुढे जाईना.