डॉ. क. यांची दुभाषी

४ ऑक्टो. २००४, सोम.
आमच्या विभागाचे साहेब ओकाबे-सान यांनी टेबलावर जाडजूड जर्मन पुस्तक आणून ठेवलं. आमच्या शहराचं जर्मनीत एक जुळं शहर आहे, तिथले महापौर डॉ. क. नोव्हेंबरात इथे जपानात येणार, त्यांचं आत्मचरित्र. त्यातून जपानीत एक पानी परिचय करायचा, मग ते इथे असेपर्यंत त्यांची दुभाषी म्हणून हिंडायचं. अख्ख्या नगरपालिकेत जर्मन येणारी मी एकटी. पुण्यात क्लासमध्ये शिकवलेलं इथे असं कामी आलं. मार्चमध्ये माझं कंत्राट संपतं, नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.
पुस्तकाच्या पहिल्या पानावर स्वतःचा फोटो. दुसऱ्यावरही.

७ ऑक्टो., गुरु.
माणूस मूळचा वकील. तरुणपणी तुर्की कामगारांच्या घरांसाठी खटले लढला, म्हणे फुकट. दाढी, चुरगळलेला कोट, हातात फलक. मग निवडणूक. मग दाढी गेली. पुढच्या प्रकरणांत ते कामगार औषधालाही नाहीत. कारंजी आहेत, ट्रामचा नवा मार्ग आहे, फिती कापणं आहे. आणि दर प्रकरणाच्या शेवटी 'मी तेव्हाच बजावलं होतं'. पत्नीचा उल्लेख एकदा, तोही तिने भाषण टाइप करून दिलं म्हणून.
अजित म्हणाला, तुला काय करायचंय, पान लिही आणि मोकळी हो. नवऱ्याला सगळं डिलिव्हरेबल दिसतं, वेळेत सोपवून द्यायचं काम.

१२ ऑक्टो., मंगळ.
मैत्रीण वैशाली आली होती. डिसेंबरात बाळंतपण, आणि घरमालक म्हणतो जानेवारीपासून घर नाही. फोडणीचा वास शेजाऱ्यांना सहन होत नाही म्हणे. आमच्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावरची जागा रिकामी झालीय, तिथे तिचा अर्ज मीच भरून दिला. वसाहत नगरपालिकेची. मालकाची मर्जी वगैरे नाही, ज्याचा अर्ज आधी त्याला घर. बिचारी एवढी खूश झाली की पडदे कुठे मिळतात ते विचारत बसली.
रहिवासी मंडळ मात्र धुमसतंय. आधीच चार भारतीय कुटुंबं झाली, आता पाचवं. तक्रारी त्याच: कचरा चुकीच्या दिवशी, मुलं जिन्यात ओरडतात. जळाऊ कचऱ्यात बाटल्या घालताना मी मंडळाच्या अध्यक्षांनाच पाहिलंय. पण ते नाकाने कांदे सोलणार.

२१ ऑक्टो., गुरु.
परिचय दिला. ओकाबे-सानांनी 'तुर्की कामगार' लाल पेनने काढले. विषय नाजूक आहे, म्हणाले. उरली कारंजी. पान आता खरोखर त्या माणसासारखं दिसतं.

८ नोव्हें., सोम.
डॉ. क. अवतरले. उंच, गुलाबी, हसरे. स्वागताच्या भाषणाची प्रत इथल्या पद्धतीप्रमाणे दोन आठवडे आधीच आली होती, माझं भाषांतरही तयार. 'परका माणूस म्हणजे शहराची श्रीमंती.' टाळ्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान.
मी भारतातली म्हटल्यावर म्हणाले, कम्प्युटर! मग माझं जर्मन किती छान म्हणून कौतुक, ताटातलं सगळं संपवणाऱ्या पोराचं करतात तसं.

१० नोव्हें., बुध.
लिहायला नको वाटतंय, तरी लिहिते.
आज जेवण. आमचे महापौर, ते, ओकाबे-सान आणि मी, दोघांच्या मध्ये जरा मागे बसलेली. साके दोनदा भरून झाल्यावर आमच्या महापौरांनी विषय काढला. एका वसाहतीत परदेशी कुटुंबं वाढताहेत, रहिवासी मंडळाचं निवेदन आलंय, तुम्ही काय केलं असतं? वसाहत कुठली ते सांगितलं नाही. मला सांगायची गरज नव्हती. मी ते जर्मनमध्ये सांगितलं.
डॉ. क. एकदम खुलले. पुस्तकात नसलेलं प्रकरण होतं ते. दुभाष्याने 'ते म्हणतात' असं म्हणायचं नसतं, बोलणारा मी म्हणाला की आपणही मीच म्हणायचं. कामाची रीतच ती. तेव्हा मी म्हणाले, माझ्या आवाजात, अगदी अदबशीर जपानीत:
"मी एका जिन्याला एकच परकं कुटुंब ठेवलं. लेखी काही केलं नाही. जागा रिकामी नाही, एवढंच सांगायचं. मी वकील आहे, यावर खटला उभा राहत नाही."
आमचे महापौर 'नारुहोदो' म्हणाले, म्हणजे अस्सं. आणि मान डोलावली ती माझ्याकडे बघून. ओकाबे-सान माशातला काटा काढत होते.
त्या खोलीत जर्मन कळणारं तिसरं कुणी नव्हतं. मी काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. 'मर्यादा घातली आणि चूक केली' म्हटलं असतं तर? अर्धं वाक्य जिभेवर आलंही होतं. पण तो जे बोलला तेच मी बोलले. कामाची निष्ठा म्हणावं तर मार्च डोळ्यांसमोर होता, हे मला माहीत आहे.
किळस आली. त्याची आली, आणि तेवढ्यावर थांबली नाही.

१२ नोव्हें., शुक्र. लक्ष्मीपूजन.
डॉ. क. सकाळी गेले. जाताना पुस्तकाची सही केलेली प्रत दिली. आता माझ्याकडे दोन.
संध्याकाळी वैशाली निशी-कसाईच्या भारतीय दुकानातून भाजणी आणून केलेल्या चकल्या घेऊन आली. जर्मन पाहुणा कसा होता विचारत होती. काट्याने सुशी खात होता, एवढं सांगितलं. पोट धरून हसली. मग तिसऱ्या मजल्याचं काही कळलं का, म्हणाली. नाही म्हटलं. ते खरंच होतं, अजून काही कळलं नव्हतं. आमच्या लेकीने, ईराने, मध्येच जपानीत विचारलं, बाळ आपल्याच इमारतीत राहणार ना? वैशालीला तेवढं जपानी कळलं.

२६ नोव्हें., शुक्र.
वैशालीला उत्तर आलं. सध्या जागा रिकामी नाही, क्षमस्व. तिसऱ्या मजल्यावर पडदे नाहीत, दिवा नाही, बाल्कनीत वाळत घातलेलं काही नाही.
दुपारी ओकाबे-सान म्हणाले, पुढच्या वर्षाची काळजी नको, महापौर तुमच्या कामावर फार खूश आहेत. मी वाकून आभार मानले.

२९ नोव्हें., सोम.
वैशालीचा फोन. रडत नव्हती, चिडलेली होती. उद्या गृहविभागाच्या खिडकीवर जाऊन तोंडावर विचारणार म्हणते, रिकामी जागा रिकामी नाही कशी.
"तू चल माझ्याबरोबर. माझ्या जपानीला ते हसतात. तू बोललीस की ऐकतात गं तुझं."
तशीही खिडकीवरून दुभाष्यासाठी आमच्याच विभागात फोन येतो, आणि तो मीच उचलते. अजितला विचारलं. म्हणाला, बरं नाही सांगून सुट्टी घे.
वैशालीला तर हो म्हणून बसलेय. साडेनऊला खाली सायकल स्टँडपाशी भेटायचं ठरलंय.